बाबालू

दार थोरलीने उघडलं. तिच्या मागे धाकटी, बहिणीच्या झग्याची नाडी मुठीत धरून. मी दोन्ही बॅगा जिन्यातच टाकल्या, गुडघ्यांवर बसलो आणि हात पसरले. आठ महिने या एका क्षणाची मी मनातल्या मनात तालीम केली होती, आणि प्रत्येक तालमीत या दोघी धावत येऊन मला आडवा पाडायच्या.

थोरली धावली नाही. तिने मला डोक्यापासून बुटांपर्यंत नीट पाहून घेतलं, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मग मागे वळून म्हणाली, "बाबालू."

धाकटीनेही पाहिलं. "बाबालू," म्हणत तिने मान डोलावली. आणि दोघी शहाण्या मुलींसारख्या बाजूला सरकल्या, मला आत यायला वाट करून दिली.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! बाळू, पिल्लू, तसं बाबालू. मिठी नाही तर नाही, लाडाचं नाव तर मिळालं. मी उंबऱ्यातच ढसाढसा रडलो. चार वर्षांच्या माझ्या त्या जुळ्या मुली समजूतदार चेहऱ्याने बघत उभ्या राहिल्या. धाकटीने तर आत जाऊन मला नाक पुसायला स्वतःचा रुमाल आणून दिला.

"आलास?" स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. उभा जन्म तिने तिकीट खिडकीच्या आत काढला, त्यामुळे अजूनही ती समोरच्याशी मधे काच असल्यासारखी बोलते. मी कामावर गेलो तेव्हा मुलींना सांभाळायला ती आमच्याकडे राहायला आली होती. "हात धुऊन घे. चहा टाकते. पण कोराच मिळेल, दूधढुप."

"दुधाचं काय झालं?"

"ढुप झालं. सांगितलं ना आत्ता."

तेवढ्यात बायको टॉवेल घेऊन बाहेर आली. तिचे डोळे भरलेले होते, पण मुलींसमोर आमच्यात काही नाटक नको म्हणून तिने तो टॉवेलच माझ्या खांद्यावर टाकला. "अहो, अंघोळ करून घ्या. गरम पाणी नाहीये, लाइटमू झालीये सकाळपासून."

मी टॉवेल घेऊन तसाच उभा. आठ महिने परमुलखात काढले, तिथल्या लोकांचं बोलणं महिन्याभरात समजायला लागलं होतं. आणि इथे माझ्या स्वतःच्या घरात, माझ्याच बायकोच्या बोलण्याचा शेंडा ना बुडखा!

त्या संध्याकाळी बायकोने मला सगळं सांगितलं. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवते, त्यामुळे कुठलीही गोष्ट ती हळूहळू, फिरवून फिरवून, उजेडात धरूनच सांगते. मुली उशिरा बोलायला लागल्या हे मला माहीत होतं. मी गेलो तेव्हा दोघींना मिळून मूठभर शब्द येत होते. माझ्या मागे त्या भराभर बोलायला लागल्या, पण एकमेकींशी. शब्द आपलेच, दूध, कप, आई, लाइट. त्यांना मागून शेपट्या मात्र यांच्या स्वतःच्या.

"कुणी शिकवल्या?"

"कुणीच नाही. त्यांनीच काढल्या. बोलण्याच्या डॉक्टरबाईंना दाखवलं ना, मी फोनवर सांगितलं होतं तुम्हाला. त्या म्हणाल्या, जुळ्यांत असं होतं कधीकधी. हसू नका, रागावू नका, तुम्ही आपलं साधं बोलत राहा. पण ताईंना ते साधं बोलणं काही जमेना."

"जमेना काय?" ताई आतून म्हणाली. "गिऱ्हाईक ज्या भाषेत विचारील त्या भाषेत उत्तर द्यायचं. माझी नोकरीच ती होती."

मी फिटर आहे. बंदरावर मोठमोठ्या क्रेन उभ्या करणाऱ्या टोळीत काम करतो. एखादी गोष्ट कशी चालते हे कळेना झालं की मला ती खोलून बघावी लागते, नाहीतर जेवण गोड लागत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी तेच केलं. धाकटीसमोर चमचा पाठीमागे लपवला. "चमचामू," ती म्हणाली आणि माझ्या पाठीमागे जाऊन बघायला लागली. आई दुकानात गेली की "आईमू". लाइट गेली की "लाइटमू". अर्धवट जेवण टाकून खेळायला पळायचं असेल तर "जेवमू". म्हणजे मू लागलं की वस्तू आत्ता नाही, पण आहे कुठेतरी, येणार आहे. मला माझ्या हुशारीचं भारी कौतुक वाटलं.

डॉक्टरबाईंकडेही एकदा जाऊन आलो. त्या म्हणाल्या, आपण मोठी माणसं तरी वेगळं काय करतो? घर, घरात, घरून, घराकडे, घरचा, बेघर. घर तेच असतं, मागेपुढे एक तुकडा बदलला की माणूस आत आहे, निघालाय की त्याला घरच नाही, ते कळतं. "मुलींना आपले तुकडे नीट पकडता आले नाहीत, म्हणून त्यांनी स्वतःचे पाडले. काळजी करू नका, शाळेत गेल्या की हळूहळू गळून पडतील." मी मान डोलावून परत आलो. निम्मं डोक्यावरून गेलं होतं, पण बाई हसतमुख होत्या.

काळजी मला भाषेची नव्हतीच. काळजी वेगळीच होती आणि ती कुणाला सांगावी हेही कळत नव्हतं. माझ्या मुली माझ्याशी फार चांगल्या वागत होत्या.

हसू नका. ज्याला मुलं आहेत त्याला कळेल. चार वर्षांची पोर बापाशी चांगली वागत नाही. ती त्याच्या अंगावर चढते, त्याच्या ताटातलं पळवते, हट्टाने जमिनीवर लोळते, "तू वाईट आहेस" म्हणून दार आपटते. या दोघी मला विचारायच्या, "तुला साखर लागते का?" मी बसलो की पाय आखडून जागा द्यायच्या. पडल्या, लागलं, तर मला ओलांडून ताईकडे पळायच्या. मी जुना घोडा घोडा खेळ काढला, दोघींना पाठीवर घेऊन खोलीभर रांगलो, तर थोरली वरून कौतुकाने म्हणाली, "तुलापण येतं?"

"मला नाही येणार तर कुणाला येणार?" मी म्हणालो आणि खिंकाळलो. ती हसली. पण गुडघे फुटेपर्यंत रांगूनही मला काहीतरी हुकल्यासारखं वाटत राहिलं. नवीन नोकरीवर पहिल्या आठवड्यात सगळे जसे गोड वागतात, तसं ते घर माझ्याशी वागत होतं.

"आठ महिने थोडे का असतात," बायको म्हणायची. "रुळतील."

"मी रुळायचं की त्यांनी?"

"कुणीतरी रुळा बाई एकदाचं," ताई म्हणायची.

मग माझ्या हातून धाकटीचा कप फुटला. पिवळा, कानाजवळ टवका उडालेला कप, ज्याच्याशिवाय ती पाण्याचा घोटही घ्यायची नाही. विसळताना हातातून निसटला आणि फरशीवर चार तुकडे. आता ही घर डोक्यावर घेणार म्हणून मी आधीच खाली बसून "आपण चिकटवू हं, बाबा चिकटवेल" सुरू केलं.

धाकटी रडली नाही. तिने तुकड्यांकडे पाहिलं, "कपढुप" म्हणाली, रद्दीतला कागद आणून तुकडे एकेक करून त्यात ठेवले, मला बोट लावू न देता पुडी वळली आणि ती घेऊन आतल्या खोलीत गेली. परत आली तेव्हा हात मोकळे होते. मी म्हटलं, वा, काय समजूत आहे पोरीची!

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून तसाच पिवळा कप आणला. अगदी तसाच, फक्त टवका नसलेला. तिच्या हातात दिला. तिने तो डोळ्यांजवळ नेला, डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला, आत बोट फिरवलं. मग बहिणीकडे वळून म्हणाली, "कपलू."

थोरलीने मान डोलावली. "कपलू."

मी हसत होतो. ते हसू तोंडावर तसंच राहिलं आणि आतून मी कुठेतरी भलतीकडेच गेलो. कपलू. पिवळा कप फुटला, त्याच्या जागी आणलेला तसाच दुसरा कप. मी नव्या कपाच्या खोक्याचं झाकण हातात धरून उभा होतो आणि कप विसळायला सोडलेला नळ वाहत होता. कुणीतरी येऊन बंद केला असावा, मी नाही केला.

काल धाकटी पुडी घेऊन गेली होती त्या आतल्या खोलीत गेलो आणि शोधत शोधत पलंगाखाली आडवा झालो. भिंतीला टेकवलेलं एक बुटांचं खोकं होतं. त्यात कपाची कालची पुडी होती. फुटलेल्या फुग्याचं चिरगूट होतं, पाय तुटलेला लाकडी घोडा, लहान झालेले दोन मोजे, न उमटणारा खडू. आणि त्यांच्याखाली माझी एक चप्पल. माझा दाढीचा ब्रश. आणि फ्रिजवर चुंबकाने लावलेला असायचा तो माझा फोटो, ज्यात मी हेल्मेट घालून दात काढतोय. तो त्यांनी हातरुमालात गुंडाळून ठेवला होता, नीट, चारही टोकं दुमडून.

मी त्या पलंगाखाली किती वेळ पडून राहिलो कोण जाणे. क्रेनवर इतक्या उंचीवर काम केलंय, कधी घाबरलो नाही. तिथे त्या धुळीत घाबरलो. या घरात मी संपलो होतो, आणि मला कुणी कळवलंही नव्हतं.

खोकं घेऊन मी स्वयंपाकघरात आलो आणि ओट्यावर ठेवलं. मुली गॅलरीत खेळत होत्या. "हे काय आहे?" मी विचारलं. आवाज चढवायचा नाही असं ठरवलं होतं, तरी चढलाच. "ढुप म्हणजे काय?"

"लांब गेलं," ताई ठामपणे म्हणाली.

"ताई, दूध लांब जातं का?"

ताईच्या हातात सुरी होती, ती तिने खाली ठेवली.

हळूहळू, ओढून ओढून, सगळं बाहेर आलं. मी गेल्यावर मुली रोज संध्याकाळी माझ्या नावाने रडायच्या. फोनवर माझा चेहरा दाखवला की आणखीच रडायच्या, म्हणून मग बायकोने दाखवणं बंद केलं होतं. ते मला माहीत होतं, मीच हो म्हणालो होतो. "बाबा कुठे" विचारून विचारून त्यांनी ताईच्या नाकी नऊ आणले. त्याच सुमारास वरच्या मजल्यावरचं कुटुंब घर सोडून गेलं, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा कुत्रा, ज्याच्यावर या दोघींचा फार जीव होता. टेम्पो गेल्यावर खिडकीतून बघत थोरली म्हणाली, "शेरूढुप." ताईने ते ऐकलं. अच्छा, म्हणजे ढुप म्हणजे दूरच्या गावाला गेला. ताईचा स्वतःच्या समजुतीवर असा विश्वास आहे की एकदा शिक्का मारला की मारला. त्या संध्याकाळी मुलींनी रडायला सूर लावला तेव्हा तिने दोघींना समोर बसवलं आणि त्यांच्या भाषेत स्वच्छ सांगितलं: "बाबाढुप."

"आणि जादू झाली," ताई हळू आवाजात म्हणाली. "लगेच गप्प झाल्या. रडणं थांबलं ते थांबलंच. मला वाटलं, चला, पोरींना समजावून सांगणारं कुणीतरी भेटलं."

"दुसऱ्या दिवशी फ्रिजवरचा फोटो नव्हता," बायको म्हणाली. "मला वाटलं ताईंनी पुसायला काढला."

"मला वाटलं तू काढलास."

बायको रडायला लागली. "मीसुद्धा शंभरदा म्हणाले असेन हो. झोपवताना म्हणायचे, बाबाढुप, झोपा आता. आणि त्या झोपायच्या."

मला कुणावर तरी खापर फोडायचं होतं. ताईवर फोडावं तर तिने नोकरीतून सुटल्यावरचं सुखाचं आयुष्य सोडून माझी पोरं सांभाळली होती. बायकोवर फोडावं तर ती दिवसभर काचा घासून संध्याकाळी दोन रडणाऱ्या पोरींना कुशीत घेत होती. मग राहिलो मी. ताई उठली, तिने घासून ठेवलेली भांडी परत घासायला घेतली. ती चुकले असं म्हणत नाही, भांडी घासते.

त्यानंतर आमच्या घरात जो गोंधळ सुरू झाला त्याला तोड नाही. आधी मी सरळ मार्ग धरला. दोघींना समोर बसवून म्हणालो, "मी बाबालू नाही. मी बाबा. तोच. जो गेला होता तो मीच." थोरलीने माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "हो हो," ती म्हणाली. वेड्याची समजूत काढावी तसं.

बायकोने जुने फोटो काढून माझ्या चेहऱ्याशेजारी धरले. दोघींनी मन लावून पाहिलं, आणि सारखेपणा त्यांना आवडला. नवा कपही पिवळाच होता की.

ताईने युक्ती काढली की मी बाहेर जाऊन परत आत यायचं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवून "बाबामू, बाबामू" म्हणायचं, म्हणजे आधीचा शिक्का पुसून नवा लागेल. मी चार वेळा बाहेर जाऊन आत आलो. पाचव्या वेळी खालच्या मजल्यावरच्या माणसाने विचारलं, किल्ली हरवलीय का. मुलींना खेळ फार आवडला. पण "बाबामू" म्हणताना त्या दाराकडे बघायच्या, माझ्या मागे, जिन्याकडे.

मी पुन्हा डॉक्टरबाईंकडे गेलो. या वेळी त्या हसल्या नाहीत. "त्यांच्याकडे तसा तुकडाच नाही," त्या म्हणाल्या. "संपलं आणि परत आलं, यासाठी. फुटलेला कप कधी परत आलाय का? कुत्रा आला? त्यांनी असं काही पाहिलेलंच नाही, मग त्याला शब्द कुठून असणार?"

"मग मी देतो बनवून."

"देऊन बघा," त्या म्हणाल्या. पण त्यांच्या चेहऱ्यावर काही फारसा भरवसा दिसला नाही.

मी दिला बनवून. येता येता रस्त्यात ठरवलं: "फे". बाबाफे. संपलेला आणि परत आलेला. घरी येऊन हात पसरून ओरडलो, "बाबाफे!" दोघी खो खो हसल्या. दुसऱ्या दिवशी थोरलीने मोजा डोक्यावर घातला आणि म्हणाली, "मोजाफे." धाकटीने वाटी उलटी ठेवली, "वाटीफे." आठवड्याभरात घरात जे जे वेडपट ते सगळं फे झालं. मी हात टेकले. रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्याच डोक्यात शेपट्या वळवळायच्या. मी इथे आहे, म्हणजे मू नाही. ढुप आहे, पण बसून चहा पितोय. लू म्हणावं तर मी कुणाच्या जागेवर आलोय, माझ्याच? विचार करून करून डोक्याचा भुगा व्हायचा आणि शेजारी बायकोही जागीच असायची.

त्यातच साहेबांचा फोन आला. पुढची क्रेन उभी करायची होती, सुटी संपत आली होती. "कधी निघतोस ते पक्कं सांग," साहेब म्हणाले. "नाहीतर तुझ्या जागी दुसरा बघावा लागेल."

"सांगतो," मी म्हणालो.

फोन ठेवून वळलो तर थोरली दारात. तिने फोन पाहिला, कोपऱ्यातल्या बॅगा पाहिल्या आणि दूध आलं का विचारावं तशा सहज आवाजात विचारलं, "बाबालूढुप?"

"नाही!" मी इतक्या जोरात ओरडलो की ती दचकली. "मू! मू! बाबालूमू!"

"बरं," ती म्हणाली आणि खेळायला गेली. बोलून बसल्यावर माझ्या लक्षात आलं, ते नाव आता मीही वापरायला लागलो होतो.

साहेबांना उत्तर द्यायचा दिवस उजाडला तरी माझं काही ठरत नव्हतं. बायको म्हणाली, तुम्हाला वाटेल ते करा, पण जाणार असाल तर या वेळी त्यांना मी सांगणार नाही, तुम्ही सांगा. आणि दुकानात गेली. ताई थोरलीला घेऊन तिचे केस कापायला गेली. धाकटीला किंचित कणकण होती म्हणून ती घरी राहिली. मी खिडकीशी बसून स्टुलाचा हलणारा पाय बसवत होतो. ती पांघरूण ओढत आली आणि माझ्या मांडीला टेकून बसली. अंग कोमट लागत होतं. पेचकस फिरताना ती बघत राहिली.

"त्याला शिट्टी यायची," ती म्हणाली.

"कुणाला?"

"बाबाला."

माझा हात थांबला. तो शब्द मी घरी आल्यापासून तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो, असा मोकळा, मागे काही न लावलेला. "आणखी काय यायचं त्याला?" मी विचारलं.

ती विचार करायला लागली. "तो बटाट्याचा माणूस करायचा. दाढी टोचायची त्याची. आणि तो मला उलटं धरायचा, मग पैसे पडायचे त्याचेच."

"माझी दाढी नाही टोचत?"

तिने हात वर करून माझ्या गालावरून फिरवला. प्रामाणिकपणे, दोन्ही गालांवरून. "टोचते," ती म्हणाली. "पण तशी नाही."

आणि मग तिची हनुवटी थरथरायला लागली. माझ्या हातून कप फुटला तेव्हा रडली नाही, पडली तेव्हा रडली नाही, 'बाबाढुप' ऐकल्यापासून ताईने म्हणे तिच्या डोळ्यांत पुन्हा पाणी पाहिलं नव्हतं. ते सगळं एकदम आलं. तिने माझ्या शर्टात तोंड खुपसलं आणि बाबासाठी रडली, श्वास अडकेपर्यंत, आणि मी तिला घट्ट धरून बसलो. स्वतःच्या मरणावर स्वतःच्याच मुलीचं सांत्वन कसं करायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी नुसता पाठीवरून हात फिरवत होतो आणि मला अभिमान वाटत होता, आणि त्या माणसाचा हेवा वाटत होता, आणि मीही रडत होतो.

बऱ्याच वेळाने ती शांत झाली. "तू त्याला बघितलंस?" तिने विचारलं.

"हो. ओळखायचो थोडंफार."

"तो कुठे गेला?"

"कामाला गेला होता. लांब."

"मग आला का नाही?"

आला, मीच तो, हे बघ, असं म्हणायला मी तोंड उघडलं. ते माझं इतक्या वेळा म्हणून झालं होतं. दर वेळी तिने माझ्याकडे जसं पाहिलं होतं, तसं आता पाहिलेलं मला सोसलं नसतं.

"त्याला उशीर झाला," मी म्हणालो.

तिने माझ्या बाहीला नाक पुसलं. खिडकीबाहेर, खालच्या रस्त्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग पांघरूण सारखं करून माझ्या मांडीवर चढून बसली आणि डोकं माझ्या छातीला टेकवलं.

"मग तू थांब," ती म्हणाली. "तो येईपर्यंत."

"थांबतो," मी म्हणालो.